पन्नास ग्रॅम भाजी



शाळेत दुपारी मुलांना जे जेवण मिळतं, त्याचा हिशेब सरकारी कागदावर अगदी ग्रॅममध्ये मांडलेला आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल. ही योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. सुरुवातीला पुष्कळ ठिकाणी कोरडं धान्यच घरी न्यायला मिळायचं. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्न द्या असं बजावलं आणि मग गावोगावच्या शाळांत चुली पेटल्या. २०२१ साली योजनेचं नाव बदलून 'पीएम पोषण' झालं. गावात मात्र तिला अजूनही शाळेची खिचडीच म्हणतात.

मी भाजीवाल्याचा मुलगा. त्यामुळे या यादीतलं धान्य-डाळ सोडून माझी नजर त्या ५० ग्रॅम भाजीवर जाऊन बसते. ५० ग्रॅम भाजी म्हणजे किती? भेंडी घेतली तर मध्यम आकाराच्या चार-पाच. आमच्या अब्बांच्या तराजूसोबत ५० ग्रॅमचं एक चिमुकलं वजन असायचं. ते फक्त आलं-लसणासाठी बाहेर निघायचं. भाजी काही कुणी ५० ग्रॅम मागत नसे. पण शाळेत ६० मुलं असली की याच ५० ग्रॅमचे रोजचे तीन किलो होतात. हे तीन किलो कुठून येतात, असं मुलांना विचारलं तर उत्तर मिळतं, "दुकानातून." शहरातली मुलं असं म्हणाली तर आपल्याला नवल वाटत नाही. पण ज्यांच्या शाळेच्या भिंतीला भिंत लावून वांग्याचं रान आहे, तीही मुलं असंच म्हणतात, तेव्हा मात्र थोडं थांबावं लागतं.

या ५० ग्रॅममधले पाच ग्रॅम जरी मुलांनी स्वतः पिकवलेले असले, तरी उरलेल्या ४५ ग्रॅमकडे ती वेगळ्या नजरेनं पाहू लागतात. आज मला एवढंच सांगायचं आहे. शाळेची परसबाग कशासाठी, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हे आहे.

ही कल्पना काही आजची नव्हे. केंद्र सरकारनं २०१९ साली शाळांतल्या पोषण-बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्याच्या किती तरी आधी आपल्या मातीत हा विचार मांडला गेला होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी एक निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण सर्वांना मिळालं पाहिजे, ही त्यातली मागणी आपल्याला ठाऊक असते. पण त्याच निवेदनात ते असंही म्हणतात, की प्राथमिक शाळेच्या अभ्यासात शेतीचं प्राथमिक ज्ञान असावं आणि खेड्यातल्या शाळेला जोडून लहानसं नमुन्याचं शेत असावं, म्हणजे मुलांना प्रत्यक्ष काम करून शिकता येईल. ही गोष्ट जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीची.

जोतीरावांच्या या मागणीमागे त्यांचं स्वतःचं बालपण होतं असं मला नेहमी वाटतं. त्यांचं घराणं फुलं आणि भाजीपाल्याच्या व्यवसायातलं. वडिलांनी लहानग्या जोतीला मधेच शाळेतून काढलं आणि मळ्यात कामाला लावलं. तेव्हा शेजारचे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी वडिलांची समजूत घातली आणि मुलगा पुन्हा शाळेत गेला. शाळा सोडून मळ्यात जावं लागलेला तो मुलगा मोठा झाला आणि त्यानं मागणी केली की मळाच शाळेत आणा. शाळा की शेत, असा प्रश्न मुलापुढे येऊच नये, असा माझ्या परीनं मी त्याचा अर्थ लावतो.

पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिथून नई तालीमचा विचार देशभर गेला. हातानं केलेल्या कामातून भाषा, गणित, विज्ञान शिकवायचं, असा तो विचार. त्याचा अभ्यासक्रम आखण्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन, जे १९६७ मध्ये देशाचे राष्ट्रपती झाले. त्यानंतर पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि शेती, पशुपालन, कार्यशाळा, घर-आरोग्य हे शाळकरी मुलांच्या हाताला लावून दाखवलं. म्हणजे विचार होता, माणसं होती आणि प्रयोगही झाले. तरीसुद्धा आपल्या बहुतेक शाळांत माती ही मैदानावरची धूळच राहिली. असं का झालं असावं?

याचं उत्तर शोधायला मला लांब जावं लागत नाही. आमचं घराणं बागवानांचं. महाराष्ट्रातल्या आठवडी बाजारात भाजी आणि फळं घेऊन बसणारे बागवान तुम्ही पाहिले असतील. नावातच बाग आहे. काहींचा स्वतःचा मळा असतो, काही जण दुसऱ्याचा मळा बोलीनं घेऊन माल काढतात, काही नुसता व्यापार करतात. मी शाळेत होतो तेव्हा गणितात कमी गुण पडले की आमचे एक गुरुजी म्हणायचे, "जा, भाजी विकायला बस." सगळा वर्ग हसायचा. वर्गात भाजी विकणाऱ्यांची आम्ही तिघं पोरं होतो. गंमत अशी, की बाजाराच्या दिवशी तेच गुरुजी पिशवी घेऊन अब्बांपुढे उभे असायचे आणि पावणेदोन किलो कांदा, दीड पाव मिरची, वर दोन आण्यांची कोथिंबीर यांचा हिशेब अब्बा तोंडी, कागदाला हात न लावता करायचे.

शाळेत एक छोटी बागही होती. तिला पाणी घालायचं काम मिळायचं ते उशिरा येणाऱ्यांना, गृहपाठ न करणाऱ्यांना आणि वर्गात बोलणाऱ्यांना. हुशार मुलं कधी झारी उचलताना दिसली नाहीत. त्या बागेनं आम्हाला एकच धडा शिकवला, तो म्हणजे माती ही नापास झालेल्यांसाठी असते. आजही घराघरांत आपण मुलांना काय धाक घालतो? "शिकला नाहीस तर शेती करावी लागेल." शेतकरी बाप स्वतःच्या मुलाला हे सांगतो. त्याचं दुःख मला कळतं. पण ज्या समाजात अन्न पिकवणं ही शिक्षा म्हणून सांगितली जाते, तिथं मुलाच्या ताटातल्या अन्नाला मान कुठून येणार?

म्हणून परसबागेची पहिली अट माझ्या मते अशी, की ती शिक्षेची जागा असता कामा नये. तिला वेळापत्रकात तास असावा. पहिल्या नंबरच्या मुलानं आणि शेवटच्या बाकावरच्या मुलानं सारखंच खुरपं धरावं. सरपंचाची मुलगी आणि मजुराची मुलगी एकाच वाफ्यात निंदायला बसाव्यात. आणि आणखी एक. खणायचं मुलांनी आणि मेथी निवडायची मुलींनी, ही वाटणी शाळेनं तरी करू नये. एका आठवड्यात मुली कुदळ घेतील, मुलगे जुडी निवडतील. घरी जाऊन त्यातल्या एका जरी मुलानं आईला, "दे, मी निवडतो," असं म्हटलं तर त्या शाळेला वेगळं बक्षीस नको.

इथं एक आक्षेप येतो आणि तो मला फार मोलाचा वाटतो. मजुरी करणारे आईबाप म्हणतात, "आमच्या लेकराच्या हातातलं खुरपं सुटावं म्हणून तर त्याला शाळेत घातलं. तुम्ही पुन्हा खुरपंच देता?" नई तालीमच्या काळातही ही शंका होती, की गरिबाच्या मुलाला काम आणि श्रीमंताच्या मुलाला पुस्तक, असं तर होणार नाही ना? या आईबापांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नये. शाळेच्या बागेत मुलांना राबवायचं नसतं. आठवड्याला एक-दोन तास, तेही शिकण्यासाठी. तिथला माल बाजारात नेऊन शाळेचा खर्च भागवायचा नसतो. खुरप्याबरोबर हातात वही आणि मोजपट्टी असली पाहिजे. वही नसेल तर तो आक्षेप खराच ठरतो.

वही असली की काय काय होतं, ते सांगतो. मला अधूनमधून शाळांमध्ये कविता म्हणायला बोलावतात. मी मुलांना विचारतो, भेंडीचं फूल कोणत्या रंगाचं? भेंडी सगळ्यांनी खाल्लेली असते, फूल मात्र क्वचितच कुणी पाहिलेलं असतं. फिकट पिवळं फूल, पोटात गडद लालसर जांभळा डाग. सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. ज्या मुलानं हे पाहिलं, त्याला फुलापासून फळ होतं हे वाक्य पाठ करावं लागत नाही. दुधीच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे बोटभर दुधी आधीच दिसतो. ही पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि रात्रीचे पतंग त्यांच्यावर येतात. उलट लाल भोपळ्याची पिवळी फुलं पहाटे उमलतात आणि मधमाश्यांची वाट पाहतात. एका मांडवावर दोन वेल चढवले तरी परागीभवनाचा अख्खा धडा तिथंच होतो.

भुईमूग तर जादूगार आहे. फूल येतं जमिनीच्या वर आणि शेंग लागते जमिनीच्या पोटात. फूल गळून पडलं की त्याच्या जागेवरून एक दोरा खाली उतरतो आणि मातीत शिरतो. शेतकरी त्याला आऱ्या म्हणतात. आऱ्या सुटल्या की माती भुसभुशीत ठेवायची, हे शेतात काम करणाऱ्या बाईला ठाऊक असतं, पुस्तकात ते क्वचितच सापडतं. भुईमुगाचं रोप अलगद उपटलं की मुळांवर बारीक गाठी दिसतात. गाठ फोडली आणि आत गुलाबी रंग असला, तर ती हवेतलं नत्र पकडून रोपाला देते आहे असं समजावं. नत्राचं चक्र फळ्यावर काढायला अर्धा तास लागतो. गाठ नखानं फोडायला एक क्षण पुरतो. फळा नको असं मी म्हणत नाही. आधी गाठ आणि मग फळा, एवढंच.

कवी म्हणून मला आणखी एका गोष्टीची काळजी वाटते, ती शब्दांची. 'वाफसा' हा आपल्या भाषेतला किती सुंदर शब्द आहे. पाऊस पडून गेला, जमीन चिखलही नाही आणि कोरडीही नाही, पेरणीला अगदी बेताची ओल आहे, तो वाफसा. शब्दकोशात वाचून तो कळत नाही. मूठभर माती घेऊन दाबायची. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला, तर वाफसा आला. गोळा तसाच राहिला तर अजून थांबा. मुठीत गोळाच झाला नाही तर ओल गेली. पाभर, तिफण, वरंबा, आळं, आऱ्या, वाफसा हे शब्द मुलांच्या तोंडून गेले तर त्यांची जागा दुसरे कुठलेच शब्द घेणार नाहीत. शब्द जगवायचे तर ते जिथं उगवले ती जमीन हवी, निदान एक वाफा तरी.

आता व्यवहाराचं बोलू. "सर, उन्हाळ्याच्या सुट्टीत बाग मरते, मग लावायची कशाला?" असं शिक्षक विचारतात. जरा दिनदर्शिका पाहिली तर निसर्ग आपल्या बाजूनं आहे असं दिसेल. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागतं आणि विदर्भ सोडला तर आपल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भात थोड्या उशिरा. जूनच्या अखेरीस भेंडी आणि गवार टोकली, तर पंचेचाळीस-पन्नास दिवसांत, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या मागंपुढं, पहिली भेंडी हाताला येते. दसऱ्यानंतर मेथी, पालक, मुळा. मेथी महिन्याभरात निघते. प्रजासत्ताकदिनापर्यंत तिचे दोन-तीन फेर होतात. खरीप आणि रब्बी हे दोन्ही हंगाम शाळेच्या वर्षात बसतात. उन्हाळ्यात शेतकरीही जमीन नांगरून तापू देतो. शाळेनंही तेच करावं. सुट्टीत जगवायची असतात ती शेवगा, कढीपत्ता, लिंबू यांच्यासारखी झाडं. त्यांना गावातलं एखादं घर दत्तक घेईल. अडचण खरी दिवाळीच्या सुट्टीची, कारण तेव्हा पीक उभं असतं. तिथं मुलांच्या पाळ्या लावाव्या लागतात.

पाण्याचं म्हणाल, तर जेवणाआधी आणि जेवणानंतर ६० मुलं हात धुतात, ताटं विसळतात. ते पाणी चर काढून अळू आणि केळीच्या बुंध्याशी सोडलं की दोन पिकं जवळजवळ फुकट निघतात. खरकटं आणि पालापाचोळा खताच्या खड्ड्यात. शेळ्यांपासून राखण करायला काट्यांचं कुंपण. यात खर्च थोडा आहे, लक्ष मात्र रोजचं हवं.

आणि शिकवणार कोण? शिक्षकांवर आधीच कामांचा डोंगर आहे, तो मी आणखी वाढवू इच्छित नाही. पण शाळेत एक बाई रोज येते, जी या विषयात सगळ्यांत जास्त शिकलेली आहे. ती म्हणजे जेवण शिजवणारी ताई. बहुतेक ठिकाणी ती शेतात काम केलेली असते. कोणती भाजी कोवळी, कोणती जून, कीड लागलेलं वांगं बाहेरून कसं ओळखायचं, किती मुलांना किती राजगिरा पुरतो, हे तिला तोंडपाठ असतं. महिन्यातून एक तास तिला वर्गापुढे उभं करा. गावातल्या म्हाताऱ्यांना बोलवा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं उदाहरण आपल्यासमोर आहे. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत, पण घेवडा-वालापासून किती तरी गावरान वाणांचं बियाणं त्यांनी जपलं आणि वाटलं. २०२० सालच्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेनं ज्यांना शिकवलं नाही, त्यांच्याकडून शाळेला शिकता येतं ते असं. एक दुधी वेलावर तसाच वाळू द्यावा. हलवला की आत बिया खुळखुळतात. त्यातलं बी राखेत घालून ठेवायचं आणि पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती द्यायचं. सातवीचा वर्ग सहावीच्या वर्गाला याहून चांगलं काय देऊ शकेल?

शहरातल्या शाळांना जमीन नसते, हे खरं. पण गच्ची असते, जुने डबे असतात, ऊन असतं. श्री. अ. दाभोळकर हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांबरोबर आणि 'प्रयोग परिवारा'तून त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली, की आपल्या वाट्याला आलेला सूर्यप्रकाश मोजायला शिका आणि थोड्या जागेत प्रयोग करा. पत्र्याच्या डब्यातली पालकाची दहा रोपं शाळेचं पोट भरणार नाहीत. पण पालकाचं बी किती दिवसांत उगवतं, ते त्या मुलांना गाइडमध्ये शोधावं लागणार नाही.

खरं सांगायचं तर खेड्यातली बागही शाळेचं पोट भरत नाही. रोजचे तीन किलो धरले तर वर्षाच्या २०० दिवसांना ६०० किलो भाजी लागेल. तेवढी दोन-चार वाफ्यांतून निघणार नाही आणि निघेल असं आश्वासन कुणी देऊ नये. बाग हे भाजी पुरवणारं कंत्राट नव्हे. पण जी निघेल ती त्याच मुलांच्या ताटात पडली पाहिजे, ही माझी दुसरी अट. काही ठिकाणी बाग तपासणीसाठी असते. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी रोपवाटिकेतून रोपं येतात, कुंड्यांना गेरू लागतो, फोटो निघतात आणि आठवड्यानं सगळं वाळून जातं. मुलं हे पाहत असतात. त्यांना त्यातून शेती कळत नाही, दुसरंच काही तरी कळतं.

बाग बुडाली तरी चालेल, असं माझं मत आहे. चाळीस टोमॅटोची रोपं लावली आणि मावा, पाऊस, शेळी यांच्यातून अकरा उरली, तर ते अपयश फळ्यावर लिहावं. किती टक्के रोपं गेली, काढा. किती दिवस पाणी घातलं, मोजा. मग त्या दिवशीचा बाजारभाव विचारून या. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला, तेव्हा घरोघरी ओरड झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भाव असा कोसळला की नाशिक भागात काही शेतकऱ्यांनी माल तोडायचंच सोडून दिलं, काहींनी रस्त्यावर ओतला. ज्या मुलानं अकरा रोपं जगवण्यासाठी दोन महिने झारी वाहिली आहे, त्याला या दोन्ही बातम्या वेगळ्या ऐकू येतील. घरी कीटकनाशकाची पावती हातात घेऊन गप्प बसलेला बाप त्याला थोडा कळेल. शहरातला मुलगा असेल, तर मोठेपणी भाजीवाल्या मावशीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालताना त्याची जीभ थोडी अडखळेल. या मुलांनी सगळ्यांनी शेतकरी व्हावं, असा माझा आग्रह नाही. त्यातला एखादाच होईल. पण जेवणारे तर सगळेच होणार आहेत. जेवणाऱ्याला जेवण म्हणजे काय हे कळलं पाहिजे.

शाळेच्या वाफ्यातून आणखी एक गोष्ट सहज साधते. दुधी निघाला की मुलांना विचारावं, तुमच्या घरी याचं काय करतात? कुणी म्हणेल चणाडाळ घालून भाजी, कुणी थालीपीठ, कुणी हलवा. आमच्या घरचं पोर म्हणेल दालचा, म्हणजे डाळीत दुधी आणि चिंच, सणासुदीला त्यात मटणही. अंबाडीची भाजी एकाच्या घरी कण्या घालून होते, दुसऱ्याच्या घरी डाळीत शिजते. भाजी तीच, वाफा तोच. एकमेकांच्या घरातल्या चुलीची अशी ओळख झालेली मुलं मोठेपणी एकमेकांच्या ताटाकडे संशयानं पाहणार नाहीत, अशी मला आशा आहे. आमच्या सावता महाराजांना मळ्यातच पंढरी भेटली, हे मी मराठी शाळेत शिकलो. आणि आमच्या दादी म्हणायच्या, की लावलेल्या झाडाचं फळ चिमणीनं खाल्लं तरी ते लावणाऱ्याच्या नावे सदका, म्हणजे दान, म्हणून लिहिलं जातं. या दोन गोष्टी एकाच वाफ्यावर उभं राहून मला कधी वेगळ्या वाटल्या नाहीत.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, कुंभार, माळी, कलावंत यांच्याकडे जाऊन काम शिकावं, अशी कल्पना आहे. चांगली आहे. पण वांग्याचं रोप दहा दिवसांत फळ देत नाही. त्याला जूनपासून रोज कुणी तरी भेटायला हवं. म्हणून जिथं शक्य आहे तिथं शाळा व्यवस्थापन समितीनं, पालकांनी, ग्रामपंचायतीनं एवढं करावं. एक गुंठा जागा, तीही नसेल तर चार वाफे. आठवड्याला एक तास, वेळापत्रकात लिहिलेला. जेवण शिजवणाऱ्या ताईला मानाची खुर्ची. निघालेली भाजी त्याच दिवशी पातेल्यात आणि फळ्यावर तिचं वजन.

आणि ज्यांच्याकडे जागा नाही, शाळा नाही, लहान मूलही नाही, त्यांनाही एक काम करता येईल. त्याला खर्च काहीच नाही. कुणाच्याही मुलाला यापुढे "शिकला नाहीस तर शेती करावी लागेल," किंवा "भाजी विकायला बस," असं म्हणू नये. शेतीसाठी किती शिकावं लागतं, हे त्या मुलाला एकदा वाफ्याशी उकिडवं बसून पाहू द्यावं. मग शिकायचं कशासाठी, हे त्याला वेगळं सांगावं लागणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)